मी थंय नव्हतंय

पास सुरेख होता. सात नंबरच्या पोराने उजव्या हाताने ड्रिबल करता करता, नजर डावीकडेच ठेवून, चेंडू उजवीकडच्या मोकळ्या कोपऱ्याकडे असा सोडला की तो सिमेंटवर एकदाच टेकला, कमरेच्या उंचीला उठला आणि ज्याच्यासाठी निघाला होता त्याच्या तळव्यांत अलगद विसावायला सिद्ध झाला. तळवे मात्र तिथे नव्हते. चेंडू रेषेबाहेर गेला, चिऱ्याच्या गडग्यावर आपटला आणि पावसाच्या पाण्याने भरलेल्या चरात जाऊन पडला. शिट्टी वाजली. बोर्डाखालीच उभा राहिलेला अकरा नंबर वैतागून ओरडला, “अरे, मी थंय नव्हतंय!” आणि तितक्याच तडफेने उत्तर आले, “मगे आसाक व्हया होतस!”

तो सामना ती पोरे हरली. त्याच्या आधीचाही हरली होती आणि नंतरचेही हरायची होती. जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाचा हा बास्केटबॉलचा संघ. अकरा नंबर आमच्या वालावलचा, म्हणून मी पावसाळाभर एस.टी.ने त्यांच्यामागे फिरलो, एवढाच माझा या खेळातला अधिकार. पण ज्या रसिकतेने आपण एखाद्या गायकाच्या मैफलीपेक्षा त्याचा रियाज चोरून ऐकतो, त्याच रसिकतेने हरणाऱ्या कोवळ्या संघाकडे पाहावे असे मला या हंगामात वाटू लागले. तयार संघाच्या खेळात शिवण दिसत नाही. इथे प्रत्येक टाका दिसतो, सुटलेलाही.

तर त्या पासाकडे पुन्हा एकदा वळू. गुणपत्रिकेने त्याची नोंद ‘चेंडू दुसऱ्या संघाचा’ एवढीच केली. आपण मात्र तो हातात घेऊन जरा उजेडात फिरवून पाहू. टप्प्याच्या पासात चेंडू देणाऱ्यापासून साधारण दोन तृतीयांश अंतरावर जमिनीला लागावा, म्हणजे घेणाऱ्याला वाकावे लागत नाही, असे शिकवतात. तो तिथेच लागला होता. नजर दुसरीकडे होती, त्यामुळे अंगावरचा बचावपटूही फसून अर्धे पाऊल डावीकडे सरकला होता. वेग नेमका, दिशा नेमकी, उंची नेमकी. चुकला होता तो फक्त काळ. पास हे भविष्यकाळी क्रियापद आहे. माणूस जिथे आहे तिथे तो द्यायचा नसतो, जिथे असेल तिथे द्यायचा असतो. सात नंबरला ते व्याकरण कळले होते, अकरा नंबर अजून वर्तमानकाळात उभा होता. दोघांचे भांडण म्हणूनच मला इतके आवडले. मालवणीतल्या त्या दोन वाक्यांत एकाने जे आहे ते सांगितले आणि दुसऱ्याने जे असायला हवे ते. खेळाच्या पुस्तकांत याला ‘समज’ म्हणतात आणि ती सरावाने येते असे लिहून पुढच्या प्रकरणाकडे वळतात.

आमच्याकडच्या माणसाला ही समज कशी येते ते दशावताराने फार आधी दाखवून ठेवले आहे. वालावलच्या लक्ष्मीनारायणाच्या देवळात, तळ्याच्या काठाने येणाऱ्या गार वाऱ्यात, आम्ही पोरवयापासून रात्र जागवत आलो. दशावताराला लिखित संहिता नसते. रंगायला बसलेल्या नटांना कथेचा सांगाडा तेवढा सांगितलेला असतो. बाकीचे संवाद तिथल्या तिथे, समोरच्याच्या शब्दावर शब्द ठेवत उभे राहतात. मुरलेला राजा अशा जागी वाक्य सोडतो की पुढचा शब्द ऋषीच्याच तोंडून यावा, आणि ऋषी नवखा असेल तर ते वाक्य मंडपात एकटेच लोंबकळत राहते. तिथे निदान पेटीवाला असतो. तो एखादा सूर लांबवतो, पखवाज थाप मारतो, प्रेक्षकाला कळायच्या आत ती फट बुजते. बास्केटबॉलला पेटीवाला नाही. पडलेला शब्द चरातल्या पाण्यात डुबकन पडतो आणि सगळ्यांना ऐकू येतो.

हा संघ इतका कोवळा का, याचे कारण कोकणात कोणाला विचारावे लागत नाही. गेल्या वर्षीचे पाचही जण पदवीधर झाले आणि गेले. कोणी मुंबईला, कोणी गोव्यात, एक पुण्यात. आपल्याकडे मिरगाच्या आधी दरसाल नळे परततात, फुटके काढतात, सरकलेले बसवतात. संघाचेही तसेच आहे, फरक इतकाच की इथे सगळे छप्परच दर तीन वर्षांनी मुंबईला निघून जाते आणि वाशांवर नव्याने कौल चढवावे लागते. यंदा पहिल्या वर्षाची आठ पोरे होती. त्यांतल्या तिघांनी बारावीपर्यंत कबड्डीच खेळलेली, म्हणून बचाव करताना त्यांचे हात आपोआप समोरच्याच्या घोट्याकडे जात. फाऊलवर फाऊल. सर बाकावरून ओरडत, “अरे, पकडायचा नाही त्याला, फक्त वाट अडवायची!” मला विचाराल तर ती सवय सुटताना पाहणे हेच एक नाट्य होते. सप्टेंबरपर्यंत त्या तिघांचे गुडघे कबड्डीचे राहिले आणि हात बास्केटबॉलचे झाले. त्या खोल वाकलेल्या बैठकीमुळे हा संघ बाकी कशात नसला तरी बचावात बघण्यासारखा होता.

आता फेकीकडे येऊ. माझा सगळ्यांत जास्त वेळ तिथेच गेला. रिंग जमिनीपासून ३.०५ मीटर उंच, तिचा आतला व्यास ४५ सेंटिमीटर. चेंडूचा व्यास सुमारे २४. म्हणजे दोन चेंडू शेजारी ठेवले तर जेमतेम मावणार नाहीत एवढे ते तोंड. कागदावर ही जागा ऐसपैस वाटते. पण चेंडूच्या बाजूने पाहा. तो सरळ वरून उतरला तर त्याला पूर्ण वर्तुळ दिसते. तिरका आला तर वर्तुळ चेपून लंबगोल होते. पंचेचाळीस अंशांनी उतरणाऱ्या चेंडूला तोंड उरते ३२ सेंटिमीटरांच्या आसपास; तीस अंशांनी येणाऱ्याला साडेबावीस, म्हणजे चेंडूपेक्षाही कमी, तो कडेला लागल्याशिवाय आत जाऊच शकत नाही. आणि घाबरलेला पोरगा चेंडू नेहमी सपाट फेकतो. त्याला लक्ष्य समोर हवे असते, चटकन गाठायचे असते. वर आभाळात भिरकावून तो खाली येण्याची वाट बघण्याइतका धीर त्याच्याकडे नसतो. जुलैतल्या त्यांच्या फेकी एकामागून एक रिंगच्या पुढच्या कडेवर ठणठणत, आणि त्या ठणठणाटात मला आठ जणांची धाकधूक मोजता येई. ऑक्टोबरात तीच मनगटे चेंडूला मागे फिरकी देऊन वर सोडू लागली. गुण फारसे वाढले नाहीत. कमान वाढली.

जाळीची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. महाविद्यालयाच्या कोर्टावरच्या रिंगला गेली दोन वर्षे जाळी नव्हती. जाळीवाचून बास्केट झाली तरी ती ऐकू येत नाही, फेकणाऱ्याला क्षणभर शंका राहते की चेंडू आतून गेला की बाहेरून. शेवटी मालवणकडच्या एका मच्छीमार घरातल्या पोराने मामाकडून जाळ्याचा नायलॉनचा दोरा आणला आणि दोन संध्याकाळी बसून जाळी विणली. गाठी अशा देखण्या की सरांनी बोटाने चाचपून पाहिल्या. पण हात मासळीच्या सवयीचा. आस, म्हणजे जाळीतली भोके, बारीक झाले, खालचे तोंड आवळले गेले, आणि पहिलीच फेक आत जाऊन तिथेच बसली. पोरे हसून लोळली. बांबूने खालून ढोसून चेंडू काढावा लागला. मी गडग्यावर बसून मनात म्हटले, हा खेळ सुरू झाला तो असाच. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या, नऊ विरुद्ध नऊ पोरे खेळवली, आणि टोपल्यांना बूड असल्यामुळे आत पडलेला चेंडू शिडी लावून काढावा लागे. त्या सबंध सामन्यात एकदाच चेंडू पडला. पुढे याच नेस्मिथने कॅन्सस विद्यापीठाचा संघ घडवला. त्याच्या कारकिर्दीत ५५ सामने जिंकले, ६० हरले, आणि त्या नामांकित विद्यापीठाच्या प्रशिक्षकांत हरलेले सामने जास्त असलेला एकटा तोच. ज्याने खेळ शोधला तोच! मला यात कसलीही करुणा वाटत नाही, उलट एक खोडकर आनंद वाटतो.

दुसऱ्या दिवशी त्या पोराने जाळी सोडून रुंद आसांची पुन्हा विणली. त्यानंतर पहिली स्वच्छ फेक उतरली तेव्हा जो आवाज झाला तो मी इतरत्र ऐकलेला नाही. बाजारातल्या जाळीचा आवाज कापडी असतो. हा जरा ओला, मासेमारीचा पाग पाण्यात पडताना होतो त्याच्या कुळातला. सगळे गप्प झाले आणि मग प्रत्येकाला तो स्वतःच्या हातून काढायचा होता.

गणपतीत गेल्या वर्षीचा कर्णधार चाकरमानी होऊन आला. सुट्टीच्या एका सकाळी शेवाळ खरवडलेल्या कोर्टावर तो या पोरांशी खेळला. पोट किंचित सुटलेले, धाप लागत होती, पण त्याचे पास बघावेत. तो चेंडू देई आणि घेणारा आपण तिथे का आहोत हे न कळता तिथे असे. तीन वर्षांत जे अंगात मुरते ते कसे दिसते, हे या पोरांना कोणी फळ्यावर काढून दाखवू शकले नसते. खेळ संपल्यावर तो मुंबईचे सांगत बसला. रविवारी तो नागपाड्याला जातो, मस्तान तलावावर सामने बघायला. तलाव कधीच बुजला, नाव उरले, आणि पाण्याच्या जागी बास्केटबॉल आला. त्याच दाटीवाटीच्या वस्तीतून अब्बास मुंतसिर निघाला, भारताचा कर्णधार झाला, १९७० साली त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. आमच्या पोरांनी ते ऐकले आणि एकाने विचारले, “थंय जाळी आसा?”

परदेशातल्या एका हरण्याची आठवण इथे निघाल्यावाचून राहत नाही. कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक या विज्ञानासाठी नावाजलेल्या संस्थेचा संघ आपल्या गटात सलग ३१० सामने हरला. सव्वीस वर्षे. २२ फेब्रुवारी २०११ रोजी ती मालिका ४६–४५ अशी एका गुणाने, शेवटच्या क्षणातल्या एका फ्री थ्रोने तुटली. लोक त्या एका गुणाची गोष्ट सांगतात. मला कुतूहल आहे ते मधल्या संध्याकाळींचे. दीडशेव्या, दोनशेव्या पराभवात कोणी कोणाला कोपऱ्यात कसा पास दिला असेल, आणि तो घेणारा तिथे होता का.

आमचा शेवटचा सामना दिवाळीआधी झाला. त्यातला एकच डाव आपण सावकाश वाचू. नियमाने त्याला चोवीस सेकंद मिळतात. कोर्टावर घड्याळ नव्हते, टेबलापाशी एक प्राध्यापक मोबाईलवर सेकंद मोजत होते आणि शेवटचे पाच मोठ्याने सांगत होते. अकरा नंबरने रिबाऊंड घेतला, दोन्ही कोपरे बाहेर, चेंडू हनुवटीखाली. जुलैत तो चेंडू कमरेपाशी आणायचा आणि कोणीतरी तो चापट मारून पळवायचा. चेंडू सात नंबरकडे. सात नंबर घाई न करता मधली रेषा ओलांडतो. ही सावकाशीही नवी. डावीकडे पास, परत. जाळी विणणारा पोरगा वर येऊन एका बचावपटूच्या वाटेत खांबासारखा उभा राहतो, स्क्रीन लागतो, आणि कबड्डीचे ते गुडघे धक्का बसूनही तसूभर हलत नाहीत. मोबाईलवरचे प्राध्यापक “पाच” म्हणतात. सात नंबरची नजर डावीकडे. आणि चेंडू उजवीकडे, त्याच कोपऱ्यात सुटतो, जिथे कोणीही नाही.

माझ्या पोटात खड्डा पडला. समोरच्या संघातला एक जण तर चेंडू बाहेर जाणार म्हणून हात खाली सोडून उभा राहिला. तेवढ्यात बोर्डामागच्या रेषेला अंग घासत, सगळ्यांच्या पाठीमागून, अकरा नंबर आला. धावत नव्हता, लांब ढांगा टाकत, उशीर न झालेल्या माणसाच्या चालीने आला, आणि टप्पा घेऊन कमरेला उठलेला चेंडू त्याच्या तळव्यांत शिरला. एक ड्रिबल, दोन पावले, लेअप. चेंडू बोर्डाला हलकेच लागला, रिंगच्या कडेवर चढला, एक वेढा, दुसरा वेढा, आणि बाहेर पडला. समोरच्यांनी तो उचलला, पळाले, बास्केट केली. नऊ गुणांनी आम्ही हरलो.

कुडाळला गाडी बदलली तेव्हा अंधार पडला होता. नेरूर मागे पडेपर्यंत अकरा नंबर खिडकीला डोके टेकून गप्प बसला होता, बुटांची पिशवी मांडीवर. बाहेर कापलेल्या भाताचा वास येत होता. मीही काही बोललो नाही; सांत्वनाचे सगळे शब्द त्या लेअपसारखे कडेवर फिरून बाहेरच पडले असते. मग वालावलच्या उतारावर गाडीने गिअर बदलला आणि तो एकदम माझ्याकडे वळला.

“काकानू, तो पास बघलास?”

“बघलंय.”

“बॉल गेलो नाय,” तो म्हणाला. आणि जरा वेळाने, पुन्हा खिडकीकडे तोंड करून, “पण मी थंय होतंय.”