पुनर्गायनाची कसोटी

एखादे गाणे मूळ गायकाच्या आवाजात लोकांच्या कानांत पक्के बसल्यानंतर दुसऱ्या गायकाने किंवा वादकाने ते नव्याने सादर केले, तर त्याला संगीताच्या व्यवहारात आज ‘कव्हर’ म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यासाठी ‘पुनर्गायन’ ही संज्ञा योजली आहे. पाश्चात्त्य रॉक संगीतात या प्रकाराची स्वतंत्र समीक्षा झाली, कारण बॉब डिलनने १९६७ साली ध्वनिमुद्रित केलेले ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’ पुढच्याच वर्षी जिमी हेंड्रिक्सच्या गिटारने इतके पालटले की डिलनच्या नंतरच्या मैफलींवरही त्याची छाया पडली. मराठीतील पुनर्गायनाची परंपरा रॉकपेक्षा कितीतरी जुनी असूनही तिची चर्चा बहुधा ‘मूळ गाण्याची सर नाही’ या एका शेऱ्यावर संपते. हा शेरा किती अपुरा आहे, हे पुण्या-मुंबईच्या सभागृहांपेक्षा सुरतेतील गोडादरा, लिंबायत, डिंडोली या खान्देशी वस्त्यांतील वरातीत अधिक स्पष्ट कळते.

मराठी संगीत रंगभूमीचा पायाच मुळी जुन्या चालींवर रचलेला आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’ (१८८०) आणि ‘सौभद्र’ (१८८२) या नाटकांत साकी, दिंडी यांसारख्या लोकांच्या ओठांवरच्या चाली आल्या, ‘मानापमाना’साठी (१९११) गोविंदराव टेंबे यांनी ठुमरी-कजरीच्या वळणांचा आधार घेतला आणि ‘स्वयंवरा’त (१९१६) भास्करबुवा बखले यांनी ख्यालाच्या बंदिशी मराठी पदांत उतरवल्या. नाटकाच्या छापील प्रतीत पदाच्या माथ्यावर मूळ चालीचा उल्लेख करण्याची पद्धत होती. म्हणजे घेतले कोठून हे लपवण्याची गरज कोणाला वाटत नव्हती, आणि घेतलेल्या चालीचे पुढे काय केले यावरच नाटकाचे संगीत तोलले जात होते.

चांगल्या पुनर्गायनाची खूण इथेच सापडते: गाण्यातील काय राखायचे आणि काय सोडायचे, याचा निर्णय त्यात जाणूनबुजून घेतलेला असतो. ‘गीतरामायण’ १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झाले तेव्हा त्यातील ५६ गीते पात्रानुरूप वेगवेगळ्या गायकांनी गायली होती. पुढे संगीतकार सुधीर फडके ती एकट्याने मंचावर गाऊ लागले, तेव्हा आवाजांतील नाट्य गेले, पण सगळी कथा एकाच निवेदकाच्या मुखातून येऊ लागल्याने शब्दांना कीर्तनाचे वजन आले. ‘कट्यार काळजात घुसली’ या १९६७ च्या नाटकात तर पुनर्गायन कथानकाच्या गाभ्याशीच आहे, कारण ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद दोन घराण्यांच्या दोन वेगळ्या चालींत बांधून जितेंद्र अभिषेकींनी स्वभावभेद स्वरांतून दाखवला. २०१५ च्या चित्रपटात जुनी पदे आणि नवी गाणी शेजारी ठेवली गेली. नाटकात वसंतराव देशपांड्यांनी गायलेली पदे त्यांचे नातू राहुल देशपांडे यांनी गाताना आजोबांच्या तानेची आक्रमकता राखली, परंतु वाद्यमेळाच्या भरगच्च चौकटीमुळे मूळच्या मैफलीतील मोकळी जागा काहीशी हरवली.

फसलेले पुनर्गायन दोन प्रकारचे असते. पहिल्यात सोडण्यासारखे काहीच सापडत नाही: दूरचित्रवाणीवरील स्पर्धांनी गुणी गायक पुढे आणले हे खरे, पण मूळ ध्वनिमुद्रिकेतील प्रत्येक हरकत जशीच्या तशी वठवणे हीच गुणांची मुख्य कसोटी झाल्याने तिथे तयारी दिसते आणि विचार दिसत नाही. दुसऱ्यात जे राखायलाच हवे तेच सुटते. ‘सैराट’मधील (२०१६) ‘झिंगाट’ हिंदी ‘धडक’साठी (२०१८) पुन्हा केले गेले तेव्हा अजय-अतुल यांची चाल आणि ठेका कायम राहिला, मात्र त्या गाण्याची खरी गंमत ज्या गावरान बोलीत होती तीच गळाल्याने नाचण्याजोगे, परंतु कोणत्याच गावचे नसलेले गाणे उरले. याउलट ‘अभंग रिपोस्ट’ हा मुंबईचा संच संतांचे शब्द राखून त्यांना इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रमची साथ देतो. टाळ-मृदंगाचा कल्लोळ आणि रॉकचा कल्लोळ यांचे मूळ सामूहिक आवेशातच असल्याने हा प्रयोग वरवर विचित्र वाटला तरी आतून सुसंगत ठरतो.

गोडादऱ्यातील प्रकरण या सर्वांहून वेगळे आहे. यंत्रमाग आणि कापडबाजार यांच्या ओढीने धुळे, जळगाव, नंदुरबारकडची कुटुंबे ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेमार्गाने सुरतेत आली आणि हळद-वरातीतील बँडही त्यांच्यासोबत रुजला. या बँडचा आवाज घडतो तो बेंजो, की-बोर्ड आणि ऑक्टोपॅड, म्हणजे काठीने वाजवायचे आठ खणांचे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य, यांच्यावर. बेंजोची जडणघडण जपानी तायशोगोतोवरून आलेली असून त्यात डाव्या हाताने टंकयंत्रासारखी कळ दाबायची आणि उजव्या हातातील पट्टीने तारा छेडायच्या असतात. कळ दाबताच ठरलेला स्वर मिळतो, पण एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड सहजी मिळत नाही. म्हणून लांबवलेला स्वर टिकवण्यासाठी वादक तीच तार झपाट्याने पुन:पुन्हा छेडतो आणि गळ्यातली आर्तता आघातांच्या लडीत बदलते. शांता शेळके आणि हृदयनाथ मंगेशकर यांचे ‘मी डोलकर’ या वाद्यावर खुलते, कारण त्याच्या चालीतच झुलता ठेका आहे; त्याच संगीतकाराचे ‘भय इथले संपत नाही’ मात्र इथे उभेच राहू शकत नाही.

वरातीत अंतरा आखडला जातो, मुखडा चार-चारदा फिरतो, संबळ-हलगीचे आवाज ऑक्टोपॅडवरून येतात आणि ‘केसावर फुगे’सारखे अहिराणी गाणे कालच्या हिंदी गाण्याला न थांबता जोडले जाते. ऐकण्याचे गाणे नाचण्याचे करणे हा इथला जाणूनबुजून घेतलेला निर्णय असल्याने याला नक्कल म्हणता येत नाही. शिवाय खान्देशची सर्वांत प्रसिद्ध गाणीही एका अर्थाने पुनर्गायनेच आहेत: बहिणाबाई चौधरींनी घरकाम-शेतकाम करताना गुणगुणलेल्या ओव्या १९५२ मध्ये पुस्तकात आणि १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटात वसंत पवारांच्या चालीत आल्या, पण बहिणाबाईंच्या स्वतःच्या गळ्यातील मूळ कोणत्याही ध्वनिमुद्रिकेत नाही.

कायद्याची बाजूही इथे ध्यानात घ्यावी लागते. प्रतिमुद्राधिकार (कॉपीराइट) कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ३१-सी नुसार मूळ ध्वनिमुद्रणाचे वर्ष संपल्यापासून पाच वर्षे हक्कधारकाच्या परवानगीशिवाय पुनर्गायनाची ध्वनिमुद्रिका काढता येत नाही, दरवर्षी किमान ५०,००० प्रतींचे स्वामित्वधन आगाऊ द्यावे लागते आणि तांत्रिक गरजेपलीकडचा नवा बदल संमतीशिवाय करता येत नाही. याचा परिणाम असा की ध्वनिमुद्रणात नक्कल करणारा सुरक्षित राहतो आणि विचार करून बदल करणारा अडचणीत येतो. त्याच कायद्याने विवाहाची मिरवणूक व तदनुषंगिक समारंभांतील सादरीकरणाला मात्र सूट दिलेली आहे. म्हणजे गाणे उलटेपालटे करण्याची सर्वाधिक मोकळीक वरातीच्या बँडलाच आहे.

ही मोकळीक पुरती वापरली जात नाही, हा या कलेचा आजचा मुख्य दोष होय. प्रत्येक गाणे एकाच लयीत आणि एकाच ठेक्यात कोंबल्याने दहाव्या गाण्यापर्यंत पहिल्याचा चेहरा पुसला जातो, आणि कवी-संगीतकारांची नावे तर कोणी उच्चारतही नाही. तरीही साहसाच्या बाबतीत हे वादक सभागृहातील हुबेहूब गायकांच्या पुढे आहेत. स्पर्धांच्या परीक्षकांनी गायकाला ‘मुळातले काय बदलले आणि का?’ असे विचारावे, आणि बँडने एका वरातीत निदान एक गाणे त्याच्या स्वतःच्या लयीत, कर्त्याचे नाव सांगून वाजवावे; एवढे घडले तरी मराठी पुनर्गायनाची पातळी निश्चित उंचावेल.