नादारी ते प्रतिपूर्ती : तालुका-महाविद्यालयाच्या माहितीपत्रकाची भाषा

महाविद्यालयाचे वार्षिक माहितीपत्रक हा गद्याचा एक प्रकार आहे आणि त्याचीही चिकित्सा होऊ शकते, हे विधान भाषाभ्यासकांस काहीसे विचित्र वाटण्याचा संभव आहे. ललित, वैचारिक, फार तर वृत्तपत्रीय गद्य इथवर आपल्याकडील गद्यसमीक्षेची धाव जाते. परंतु ज्या घरातून पहिलाच मुलगा किंवा पहिलीच मुलगी महाविद्यालयाची पायरी चढत असते, त्या घरात हे पत्रक जितक्या बारकाईने वाचले जाते तितक्या बारकाईने क्वचितच एखादा ग्रंथ वाचला जात असेल. शिवाय त्यातील प्रत्येक शब्दाची किंमत रुपयांत मोजावी लागते. एखाद्या कादंबरीतील वाक्य संदिग्ध राहिले तर रसिकाचा थोडा रसभंग होतो. शुल्कविषयक कलमातील वाक्य संदिग्ध राहिले तर कोणाचे तरी एक शैक्षणिक वर्ष जाते.

विवेचनास निश्चित भूमी असावी म्हणून नांदगावाचे उदाहरण घेणे सोयीचे होईल. मुंबई-भुसावळ लोहमार्गावर मनमाड आणि चाळीसगाव यांच्या दरम्यान वसलेले हे नाशिक जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. पाऊस बेताचा, शेती बहुतांशी त्याच्यावर अवलंबून, आणि तालुक्यातील काही कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी गाव सोडणारी. अनेक घरांत बोलली जाते ती अहिराणी. शाळेत शिकलेली प्रमाण मराठी ही तेथील विद्यार्थ्याची दुसरी भाषा, आणि शासकीय मराठी ही जवळजवळ तिसरी. येथे मराठा विद्या प्रसारक समाजाचे कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालय आहे. ही संस्था १९१४ साली नाशिकात स्थापन झाली, आणि महाविद्यालय सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहे.

अमेरिकेत १९४७ च्या ट्रुमन आयोगाने ज्या प्रकारच्या संस्थेस ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ करून दिले, ती घराजवळची, स्वस्त आणि कोणासही प्रवेश देणारी संस्था आपल्याकडे प्रत्यक्षात तालुक्याच्या महाविद्यालयाच्या रूपाने नांदत आली आहे. बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाने त्याच नावाची एक स्वतंत्र योजना आणली, तेव्हा तिचे ‘समुदाय महाविद्यालय’ असे भाषांतर झाले. मराठीत ‘समाज’ हा शब्द संस्था, जात आणि सकल लोक अशा तिन्ही अर्थांनी जिवंत असताना, आणि शिक्षणसंस्थांच्या नावांतच तो शंभर वर्षे वावरत असताना, ‘समुदाय’ हा कोणाच्याही तोंडी नसलेला शब्द का पसंत पडला, हे कळत नाही. असो. पुढील टीका कोणा एका महाविद्यालयाच्या पत्रकावर नाही. शासननिर्णय, विद्यापीठाची परिपत्रके आणि संगणकावरील अर्जप्रणाली यांतून जी भाषा वरून खाली येते आणि सर्वच माहितीपत्रकांत उतरते, तिच्यावर ती आहे.

प्रथम शब्दसंग्रह पाहू. विद्यार्थ्यास पैशाचे साहाय्य करणे या कल्पनेची मराठीत एक दीर्घ परंपरा आहे आणि तिचे प्रत्येक युग एका शब्दाने ओळखता येते. पेशवाईतील ‘दक्षिणा’ जन्माधिष्ठित होती. इंग्रजी अमलात तिचाच निधी विद्येकडे आणि ग्रंथलेखनाकडे वळविण्यात आला. १८५१ ची दक्षिणा प्राइज कमिटी ही त्या परिवर्तनाची खूण. त्यानंतर ‘शिष्यवृत्ती’ हा शब्द स्थिर झाला. ‘वृत्ती’ म्हणजे उपजीविकेचे साधन. जोशीवृत्ती, ग्रामोपाध्येवृत्ती या जुन्या समासांत तो अर्थ होताच. फरक इतकाच की ही नवी वृत्ती वंशपरंपरेने चालत येत नसून परीक्षेतील गुणांनी मिळवावयाची होती. यातील मेख महात्मा फुले यांनी १८८२ सालीच हंटर आयोगापुढील निवेदनात दाखवून दिली होती : स्पर्धेने शिष्यवृत्त्या वाटण्याची पद्धत तत्त्वतः न्याय्य दिसली तरी तिने इतर वर्गांत विद्येचा प्रसार होत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

गुणांऐवजी गरज हा निकष आला तेव्हा ‘नादारी’ हा शब्द पुढे आला. फारसीतील ‘नादार’ म्हणजे ज्याच्याजवळ काही नाही तो. शाळा-महाविद्यालयांत ‘नादारी मिळाली’ असे एकेकाळी सर्रास म्हटले जाई. शब्द कठोर होता, पोराला चार जणांत मान खाली घालावयास लावणारा होता. परंतु त्याच्या अर्थाविषयी कोणाच्या मनात संदेह नव्हता. नादारी म्हणजे फी द्यावयाची नाही. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना बाराशे रुपयांपेक्षा कमी वार्षिक उत्पन्न असलेल्या पालकांच्या मुलांना जातीचा विचार न करता फी माफ झाली, आणि ‘आर्थिकदृष्ट्या मागास वर्ग’ या लांबलचक शब्दप्रयोगाच्या इंग्रजी आद्याक्षरांतून ‘ईबीसी’ हे मराठी स्त्रीलिंगी नाम जन्मास आले. ‘माझी ईबीसी आहे’, ‘ईबीसी भरली’ अशी वाक्ये दोन पिढ्यांनी सहज उच्चारली. एखादे आद्याक्षरी नाम लिंग धारण करते आणि क्रियापदाशी जुळते, तेव्हा ते भाषेने स्वीकारले असे खुशाल समजावे.

आज मात्र ही योजना राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती या नावाने ओळखली जाते. नावामागील स्मरण यथोचितच आहे. कोल्हापुरात १९०१ पासून वसतिगृहांची मालिका उभी करणाऱ्या राजाहून अधिक अधिकार या नावावर कोणाचा असणार? आक्षेप आहे तो ‘शिष्यवृत्ती’ या शब्दाच्या योजनेला. कारण येथे कोणाच्याही हाती वृत्ती पडत नाही. शिक्षणशुल्काचा ठरावीक भाग शासन भरून देते, एवढाच व्यवहार घडतो. उलट भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही अनुसूचित जातींसाठी १९४४ पासून चालत आलेली योजना. मॅट्रिकची परीक्षा केव्हाच इतिहासजमा झाली, शब्द मात्र उरला. हिच्यात दोन निराळ्या गोष्टी एकत्र नांदतात : विद्यार्थ्याच्या चरितार्थासाठी निर्वाह भत्ता आणि महाविद्यालयास देय असलेले शुल्क. पहिली रक्कम त्याची आहे, दुसरी त्याची नाही. तरीही दोहोंना मिळून नाव एकच.

ही संदिग्धता केवळ कोशकाराच्या चिंतेची बाब होती तोवर चालण्यासारखे होते. २०२१ मध्ये केंद्राने या योजनेचे नियम बदलले, केंद्र आणि राज्य यांचा वाटा साठास चाळीस असा ठरला, आणि केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या आधारसंलग्न बँकखात्यात जमा होऊ लागला. शुल्काचा भाग त्यानेच मग महाविद्यालयास नेऊन द्यावयाचा. आता घरातील दृश्य डोळ्यांपुढे आणावे. खात्यात रक्कम जमा झाल्याचा संदेश येतो. ‘शिष्यवृत्ती पडली’ असे मुलगा सांगतो. शिष्यवृत्ती म्हणजे शिकणाऱ्याला मिळालेले पैसे, हा शब्दाचा प्रामाणिक अर्थ घेऊन आई त्यातून दुकानदाराची उधारी भागवते. महिन्याभराने महाविद्यालयाचे कार्यालय शुल्क मागते, तेव्हा ते कुटुंब एकाएकी थकबाकीदार ठरते. या प्रसंगात कोणी लबाडी केलेली नाही. एका शब्दाने दोन व्यवहार झाकले, एवढेच घडले आहे. ‘नादारी’ने असा घोटाळा कधी केला नसता.

याच वर्गातील दुसरा शब्द ‘प्रतिपूर्ती’. संस्कृत घटकांनी तो निर्दोष घडला आहे; परंतु कोण कोणाला काय भरून देतो, हे त्याच्यावरून कळत नाही. विद्यार्थ्याने आधी भरावे व मागाहून परत घ्यावे, की शासनाने महाविद्यालयास द्यावे व विद्यार्थ्याने काहीच भरू नये? प्रवेशाच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या पालकाच्या दृष्टीने हा भेद सर्वस्वाचा असतो. ‘परतावा’ हा व्यापारातला शब्द पहिल्या अर्थास आणि ‘फी-माफी’ हा सर्वांच्या ओळखीचा शब्द दुसऱ्या अर्थास सहज पुरला असता.

शब्दांहून वाक्यरचनेचे दोष अधिक गंभीर आहेत, आणि त्यांकडे आजवर कमी लक्ष गेले आहे. कोणतेही माहितीपत्रक उघडून विद्यार्थ्याची कर्तव्ये सांगणारी वाक्ये आणि संस्थेची किंवा शासनाची कर्तव्ये सांगणारी वाक्ये शेजारी मांडावीत. पहिल्या गटातील वाक्यांचा साचा असा : ‘विद्यार्थ्याने मुदतीत अर्ज भरावा’, ‘त्रुटींची पूर्तता करण्याची जबाबदारी विद्यार्थ्याची राहील’. कर्ता स्पष्ट, विभक्तीसह उपस्थित, विध्यर्थ निःसंदिग्ध. दुसऱ्या गटातील साचा असा : ‘पात्र अर्जांची छाननी करण्यात येईल’, ‘रक्कम प्राप्त झाल्यावर वितरित करण्यात येईल’, ‘अपूर्ण अर्ज नाकारण्यात येतील’. छाननी कोण करणार, केव्हा, आणि नाकारले तर दाद कोणाकडे मागावयाची? ‘-ण्यात येईल’ या रचनेत कर्त्यास जागा आहे; ‘-कडून’ लावून तो आणता येतो. पण तो आणला जात नाही. परिणाम असा की चूक करू शकणारा मनुष्य या गद्यात एकच उरतो, तो म्हणजे विद्यार्थी. अनुदान मिळणे, विलंब होणे, अर्ज फेटाळला जाणे या गोष्टी पावसासारख्या आपोआप घडतात.

यावर असे म्हणता येईल की बोलभाषाही येथे कर्त्याचे नाव घेत नाही. ‘स्कॉलरशिप पडली’, ‘पैसे आले नाहीत’ असेच विद्यार्थीही बोलतात. निरीक्षण खरे आहे. परंतु बोलणाऱ्यास कर्ता ठाऊक नसतो म्हणून तो गाळतो; लिहिणाऱ्यास तो ठाऊक असतो आणि तरीही तो गाळतो. या दोन मौनांची प्रत एक मानता येणार नाही. उलट, लिखित भाषेने शिकविलेले अज्ञानच बोलीत उतरले आहे असे म्हणण्यास आधार आहे.

२०१७-१८ पासून बहुतेक योजनांचे अर्ज ‘महाडीबीटी’ या संकेतस्थळावरून होऊ लागले. त्यामुळे उत्पन्नाचा, जातीचा, अधिवासाचा दाखला जोडण्याची खटपट कमी झाली नाही, आणि जात-पडताळणीच्या कामासाठी नांदगावाहून नाशिक गाठावयाचे तर सुमारे शंभर किलोमीटरचा प्रवास उरलाच. मात्र कारकुनाच्या जागी पडदा आला. कारकुनास निदान ‘म्हणजे काय हो?’ असे विचारता येत असे. काही वर्षे या संकेतस्थळावर मंजूर झालेली रक्कमही विद्यार्थ्याने ‘रिडीम’ करावी लागे. हा शब्द न समजल्याने त्या कळीवर बोट न ठेवणाऱ्याचे पैसे मंजूर होऊनही अडून राहत. खुद्द इंग्रजीत या शब्दाचा एक जुना अर्थ गहाण सोडवणे असा आहे, आणि तो अर्थ नांदगावच्या कोणत्याही शेतकऱ्यास समजावून सांगावा लागला नसता.

अभ्यासक्रमाच्या परिभाषेची स्थिती याहून बरी आहे. नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीच्या पहिल्या वर्गास लागू झाले. त्यातील ‘श्रेयांक’ हा शब्द चांगला बसला आहे. मेजर-मायनर तसेच राहिले तरी बिघडत नाही, विद्यार्थी ते दोन दिवसांत आत्मसात करतात. शंका आहे ती ‘एक्झिट’विषयी. पहिल्या वर्षाचे ४० ते ४४ श्रेयांक आणि कौशल्याचे आणखी ४ श्रेयांक मिळवून प्रमाणपत्र घ्यावे व बाहेर पडावे, अशी ती सोय आहे. मराठीत या कृतीस आजवर ‘शिक्षण सोडणे’ म्हणत, आणि त्या क्रियापदात थोडी खंत असे. पहिल्या वर्षानंतर लग्न ठरलेल्या मुलीच्या बापाला आता ही खंत करण्याचे कारण उरत नाही. मुलीने ‘एक्झिट’ घेतली, तिला प्रमाणपत्रही मिळाले. परत येण्याची वाट धोरणात आहे, हे त्याच परिच्छेदात, त्याच आकाराच्या अक्षरांत छापले गेले पाहिजे.

परिभाषेच्या बाजूने नेहमीचा युक्तिवाद कायद्याच्या काटेकोरपणाचा असतो. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले, तेव्हापासून तो ऐकू येतो. पदनाम कोशाची ‘बदनाम कोश’ म्हणून थट्टा झाली तेव्हाही तोच पुढे करण्यात आला होता. त्या थट्टेत अन्यायाचा अंश होता, हे आज मान्य करावयास हरकत नाही; त्या कोशातील कितीतरी शब्द पुढे रुळले. परंतु काटेकोरपणाचा दावा येथे लागूच पडत नाही. दोन व्यवहारांस एक नाव देणे आणि कर्ता गाळणे यांत काटेकोरपणा कोठे आहे?

शेवटी एक कलम नमुन्यादाखल घ्यावे. शिष्यवृत्तीसाठी पंचाहत्तर टक्के उपस्थितीची अट असते. ती साधारणपणे अशी लिहिली जाते : ‘उपस्थिती अपुरी आढळल्यास लाभ रद्द करण्यात येईल.’ हेच वाक्य पुढीलप्रमाणे लिहिता येते : ‘शंभर तासांपैकी पंचाहत्तर तासांना हजर राहावे. ऊसतोडणीसाठी किंवा अन्य कारणाने घरच्यांबरोबर बाहेरगावी जावे लागणार असेल, तर जाण्यापूर्वी वर्गशिक्षकांस सांगावे. हजेरी कमी पडू लागल्यास शिष्यवृत्ती विभागाचे लिपिक सत्र संपण्यापूर्वी लेखी कळवतील. निर्णय प्राचार्य घेतील. तो मान्य नसल्यास पंधरा दिवसांच्या आत त्यांच्याकडेच फेरविचाराचा अर्ज करता येईल.’ वाक्ये वाढली, आणि प्राचार्यांचे व लिपिकांचे कामही वाढले. पहिल्या वाक्यात ते काम कोणाचेच नव्हते.