‘ओव्हर’चे अर्थ किती?

क्लॉडिया ब्रुगमन यांच्या १९८१ मधील प्रबंधाच्या आधारे जॉर्ज लेकॉफ यांनी १९८७ मध्ये इंग्रजीतील ‘ओव्हर’ या स्थानवाचक अव्ययाचे जे अर्थजाल मांडले, त्यात पक्षी अंगणावरून उडतो तेथील ‘ओव्हर’ निराळा आणि विमान टेकडीवरून जाते तेथील निराळा. हा भेद मान्य करणे कठीण आहे. टेकडी उंच असते हे ‘हिल’ हे नामच सांगते. त्याचा बोजा अव्ययावर कशाला? आंद्रिया टायलर व व्हिव्हियन इव्हान्स यांचा २००१ मधील आक्षेपही मुख्यतः असाच होय.

मात्र सर्वच अर्थ संदर्भावर ढकलता येणार नाहीत. भिंतीतील भोकावर फळी ठोकली, तरी इंग्रजी भाषक ‘ओव्हर’च म्हणतो. फळी भोकाच्या समोर असते, वर नव्हे; उरते ते केवळ आच्छादन. (आपला ‘वर’ही येथे तसाच चालतो, पण दिवा मेजावर टेकला आहे की अधांतरी टांगला आहे, हा ‘ऑन’ व ‘ओव्हर’ यांतील भेद तो एकटा दाखवीत नाही.) कोशकाराने नवा अर्थक्रमांक द्यावा तो अशा ठिकाणी, जेथे उंचीचा संबंध लोपूनही शब्द टिकतो. ‘द प्ले इज ओव्हर’ यातील समाप्तीचा अर्थ या कसोटीस निःसंशय उतरतो. टेकडीवरील विमानाचा उतरत नाही.