स्वप्रकाशित कादंबरीकाराचे स्वातंत्र्य आणि त्याचे मोल : व्हर्जिनिया वुल्फ व होगार्थ प्रेस

प्रस्तावना :

'पदरमोड करून काढलेले पुस्तक' हा शब्दप्रयोग मराठी वाङ्मयव्यवहारात सहसा कौतुकाने केला जात नाही. ज्या लेखनाला प्रकाशक मिळाला नाही ते लेखकाने स्वखर्चाने छापले, असा त्याचा रूढ अर्थ आहे. महाविद्यालयीन ग्रंथालयांच्या कपाटांत 'सप्रेम भेट' अशी नोंद असलेल्या कितीतरी कादंबऱ्या वाचकाच्या प्रतीक्षेत पडून असतात आणि समीक्षाही त्यांच्याकडे वळत नाही. ही उपेक्षा पुष्कळदा रास्त असते. तथापि स्वप्रकाशन म्हणजे नाकारलेपण, हे समीकरण तपासून पाहणे आवश्यक आहे. हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले आणि 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी त्यातूनच क्रमशः वाचकांपुढे आली. मराठी सामाजिक कादंबरीची ही श्रेष्ठ कृती लेखकाने स्वतः संपादित केलेल्या पत्रात अवतरली, याचे विस्मरण होऊ नये. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार व्हर्जिनिया वुल्फ (१८८२–१९४१) या इंग्रजी लेखिकेच्या संदर्भात केला आहे.

प्रकाशक असताना स्वप्रकाशन :

व्हर्जिनिया वुल्फ यांना प्रकाशक मिळत नव्हता असे नाही. 'द व्हॉयेज आउट' (१९१५) आणि 'नाइट अँड डे' (१९१९) या त्यांच्या पहिल्या दोन्ही कादंबऱ्या डकवर्थ या लंडनमधील प्रकाशनसंस्थेने काढल्या. परंतु या संस्थेचे मालक जेराल्ड डकवर्थ हे त्यांचे सावत्र बंधू होते आणि बालपणी त्यांच्याकडून झालेल्या लैंगिक अतिप्रसंगाची नोंद लेखिकेने पुढे आपल्या आठवणींत केली आहे. ज्या हातांचे भय वाटावे त्याच हातांत आपले हस्तलिखित निर्णयासाठी द्यावे लागणे, ही स्थिती कोणत्याही लेखिकेला असह्य ठरावी. पहिली कादंबरी १९१३ मध्ये स्वीकारली गेली. त्याच वर्षी त्यांना तीव्र मानसिक आजार झाला, त्यांनी आत्महत्येचा प्रयत्न केला आणि पुस्तकाचे प्रकाशन दोन वर्षे लांबले. या आजाराचे एकच कारण सांगणे धाडसाचे होईल. परंतु आपले लेखन दुसऱ्याच्या तराजूत पडणार ही भावना त्यांना आयुष्यभर जाळीत राहिली, याविषयी शंका नाही.

१९१७ च्या मार्च महिन्यात पती लेनर्ड वुल्फ यांच्यासह त्यांनी सुमारे १९ पौंडांत एक लहान हस्तमुद्रणयंत्र, खिळे आणि मुद्रणाची माहितीपुस्तिका विकत घेतली. मुद्रणाच्या शाळेत त्यांना प्रवेश मिळू शकला नव्हता, कारण तेथील शिक्षण कामगार संघटनेशी निगडित उमेदवारांपुरतेच होते. रिचमंड येथील 'होगार्थ हाउस' या घरात जेवणाच्या टेबलावर यंत्र मांडले गेले आणि त्या घराचेच नाव संस्थेस मिळाले. लेनर्ड यांचे हात कापत असल्याने खिळे जुळविण्याचे काम व्हर्जिनिया यांच्याकडे आले. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये दोघांची एकेक कथा असलेले 'टू स्टोरीज' हे पुस्तक सुमारे दीडशे प्रतींत निघाले. त्यात वुल्फ यांची 'द मार्क ऑन द वॉल' ही कथा होती. भिंतीवरील एक डाग पाहून मनात उठणारे तरंग एवढाच तिचा विषय आहे. एखाद्या व्यावसायिक संपादकाने या कथेत घटना कोठे आहे, असे विचारले असते आणि त्याच्या दृष्टीने तो प्रश्न गैरही नव्हता.

खिळे जुळविणारी लेखिका :

या ठिकाणी एक सूक्ष्म बाब लक्षात घ्यावयास हवी. लिहिणाऱ्याला कागदावरील कोरी जागा आयती मिळते. खिळे जुळविणाऱ्याला मात्र ती भरावी लागते, कारण छापल्या न जाणाऱ्या जागेतही शिशाचे कोरे तुकडे बसविल्याखेरीज ओळ घट्ट होत नाही. मौनालाही वजन असते, हे जुळाऱ्याला बोटांनी कळते. 'जेकब्ज रूम' (१९२२) या होगार्थ प्रेसने काढलेल्या त्यांच्या पहिल्या कादंबरीत परिच्छेदसमूहांच्या मध्ये कमी-अधिक रुंदीच्या मोकळ्या जागा आहेत. जेकब फ्लँडर्स हा तरुण केंब्रिज, लंडन, ग्रीस असा फिरत युद्धात नाहीसा होतो. त्याच्याविषयी इतरांना जे तुटक दिसले तेवढेच वाचकास दिसते. शेवटी आई त्याच्या जुन्या बुटांचा जोड हाती धरून उभी राहते. ज्याचे जीवन कोणालाही पूर्ण कळले नाही अशा नायकाची ही कादंबरी मधल्या कोऱ्या जागांतूनच बोलते. ही कादंबरी एडिंबरोच्या व्यावसायिक मुद्रकांनी छापली, लेखिकेने नव्हे. म्हणून खिळ्यांपासून थेट रूपबंधापर्यंत रेषा ओढणे हे अनुमानच राहते. मात्र 'द मार्क ऑन द वॉल', 'क्यू गार्डन्स' आणि 'अॅन अनरिटन नॉव्हेल' या तीन लघुकथा एकत्र गुंफल्या तर नवी कादंबरी घडेल, असे त्यांनी जानेवारी १९२० मध्ये दैनंदिनीत नोंदविले होते आणि यांपैकी पहिल्या दोन कथा त्यांच्या स्वतःच्या यंत्रावर छापलेल्या होत्या. डकवर्थकडे असताना लिहिलेली 'नाइट अँड डे' ही जुन्या वळणाची प्रशस्त कादंबरी आणि तीनच वर्षांनी आलेली 'जेकब्ज रूम' शेजारी ठेवल्यास मधल्या काळात काय बदलले, हे पुरेसे स्पष्ट होते.

स्वप्रकाशनाचे कष्टही त्यांनी पत्करले. इतरांची हस्तलिखिते वाचणे, पुस्तके बांधणे, गठ्ठे टपालासाठी तयार करणे यांत दिवसाचा मोठा भाग जाई. १९२४ नंतर टॅव्हिस्टॉक स्क्वेअर येथील तळघरात, विक्रीच्या पुस्तकांच्या गठ्ठ्यांमध्ये बसून त्या लिहीत असत. 'मंडे ऑर ट्यूझडे' (१९२१) हा कथासंग्रह इतका वाईट छापला गेला की लाकडी ठशांची शाई समोरच्या पानांवर उतरली. 'ओर्लँडो' (१९२८) ला 'चरित्र' हे उपशीर्षक देण्याची गंमतही महाग पडली, कारण पुस्तकविक्रेते ती कादंबरी चरित्रांच्या फळीवरच ठेवू लागले आणि आगाऊ मागणी घटली. पुढे मात्र सहा महिन्यांत तिच्या आठ हजारांवर प्रती खपल्या. स्वतःची खोली आणि वर्षाला पाचशे पौंड यांचा आग्रह धरणाऱ्या 'अ रूम ऑफ वन्स ओन' (१९२९) मध्ये स्वतःच्या छापखान्याची अट नाही, हे काहीसे नवलाचे आहे. लेखिकेला लाभलेले सर्वांत मोठे स्वातंत्र्य तेच होते आणि इंग्लंडमध्ये आपल्याइतकी मनाजोगे लिहिण्यास मोकळी स्त्री दुसरी नाही, अशा आशयाचे त्यांनी १९२५ मध्ये स्वतःच लिहून ठेवले होते.

नकार देणारा कोण ?

येथेच स्वप्रकाशित लेखकाची खरी अडचण सुरू होते. बाहेरचा प्रकाशक गेला, पण त्याबरोबर परका, निर्विकार वाचकही गेला. वुल्फ यांचे पहिले वाचक, प्रकाशक, पती आणि त्यांच्या प्रकृतीचे रक्षक हे चारही एकच गृहस्थ होते. 'द इयर्स' या कादंबरीने लेखिकेला कित्येक वर्षे छळले. नोव्हेंबर १९३६ मध्ये लेनर्ड यांनी तिची मुद्रिते वाचली, तेव्हा आपला कौल प्रतिकूल गेला तर पत्नीच्या जिवावर बेतेल अशी भीती त्यांना वाटत होती. कादंबरी मनापासून जितकी आवडली त्याहून अधिक स्तुती आपण केली, असे त्यांनी पुढे आत्मचरित्रात प्रांजळपणे मान्य केले आहे. पती म्हणून हे वर्तन निर्दोष आहे. प्रकाशक म्हणून ते तसे आहे काय ? कादंबरीतील मोठे भाग लेखिकेने नंतर स्वतःच कापले आणि १९३७ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर अमेरिकेत ती विक्रमी खपली. तरीही तिचा उत्तरार्ध सैल वाटतो. ज्याने ते सांगावयाचे त्याला सांगणे शक्य नव्हते. आप्तांच्या प्रशंसेवर निघणाऱ्या पुस्तकांची जात एकच असते, मग ती ब्लूम्सबरीत निघोत की तालुक्याच्या गावी.

१९३८ मध्ये व्हर्जिनिया वुल्फ यांनी संस्थेतील आपला हिस्सा जॉन लेहमन यांस विकला. तीन वर्षांनी 'बिटवीन द अॅक्ट्स' पूर्ण झाली, तेव्हा ती चांगली आहे असे लेनर्ड यांना वाटत होते, लेखिकेला वाटत नव्हते. म्हणून त्यांनी लेहमन यांचे मत मागितले. त्यांनाही कादंबरी आवडली. त्यानंतर मार्च १९४१ मध्ये, ही कादंबरी फार क्षुल्लक आहे, ती तूर्त छापू नये, पुनर्लेखन करून पाहू, असे पत्र त्यांनी लेहमन यांना लिहिले. २८ मार्च रोजी त्यांनी नदीत जीव दिला आणि ते पत्र लेहमन यांच्या हाती त्यानंतर पडले. जुलै १९४१ मध्ये होगार्थ प्रेसने कादंबरी प्रसिद्ध केली. तिच्या आरंभी लेनर्ड वुल्फ यांची छोटी टीप आहे. लेखन पूर्ण झाले होते, पण मुद्रणासाठी अखेरचा हात फिरला नव्हता, असे तीत म्हटले आहे. छापू नये या पत्रातील विनंतीचा उल्लेख त्या टीपेत नाही.