व्याख्येतच दडलेले उत्तर

म्हातारपणी हालचाल कमी झाली की दुर्बलता येते, असे आपण सहज म्हणतो. पण दुर्बलता ओळखायची कशी? अमेरिकेत लिंडा फ्रीड व सहकाऱ्यांनी २००१ साली, ६५ वर्षे व त्यापुढील ५३१७ व्यक्तींच्या माहितीवरून पाच खुणा मांडल्या : आपोआप घटलेले वजन, थकवा, हाताची कमजोर पकड, मंद चाल आणि कमी हालचाल. तीन खुणा आढळल्या, की व्यक्ती दुर्बल.

मोजपट्टी सुटसुटीत, म्हणून ती सर्वत्र रुळली. पण ‘कमी हालचाल’ ही व्याख्येतलीच खूण असेल, तर ‘कमी हालचाल करणारे अधिक दुर्बल आढळले’ या निष्कर्षात नवे ते काय? शिवाय कारण कोणते आणि परिणाम कोणता, हेही त्यातून कळत नाही.

ते कळते प्रयोगातून. मारिया फियातारोने यांनी बोस्टनमधील एका शुश्रूषागृहातील १०० वृद्धांचे यादृच्छिक पद्धतीने गट पाडले. सरासरी वय ८७. दहा आठवडे वजनांचा व्यायाम करणाऱ्यांच्या पायांची ताकद दुपटीहून अधिक झाली, चालही सुधारली. नुसत्या पूरक आहाराने मात्र दुर्बलता हटली नाही. हे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले.

आजीला ‘आता बसून राहा’ असे मायेने सांगण्यापूर्वी हा प्रयोग आठवावा. आणि कोणताही निष्कर्ष वर्गात सांगण्यापूर्वी त्यामागची व्याख्या तपासावी.