बेंबीतली गाठ

शल्यशास्त्रात खुणांना बहुधा डॉक्टरांची नावं असतात. या एका खुणेला मात्र नर्सचं नाव आहे: सिस्टर मेरी जोसेफ नोड्यूल.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, रॉचेस्टरच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये १८९० पासून या सिस्टर डॉ. विल्यम मेयो यांच्या शस्त्रक्रियांत मदतीला उभ्या राहत. ऑपरेशनआधी पोट स्वच्छ करताना काही रुग्णांच्या बेंबीत त्यांच्या बोटांना कडक गाठ लागे. अशांचं पोट उघडलं की कर्करोग आत पसरलेला निघे. मेयोंनी १९२८ मध्ये याबद्दल लिहिलं. सर्जन हॅमिल्टन बेली यांनी १९४९ मध्ये गाठीला सिस्टरांचं नाव दिलं, तेव्हा त्यांना जाऊन दहा वर्षं झाली होती.

या खुणेचं सौंदर्य तिच्या जागेत आहे. बेंबीपाशी ना स्नायूंचा थर, ना चरबीची गादी. पोटाचं आतलं अस्तर कातडीच्या अगदी जवळ येतं. जठराच्या कर्करोगात जठराची भिंत पार करून सुटलेल्या पेशी त्या अस्तरावर रुजतात. आतली गोष्ट बाहेर हाताला लागते ती इथे.

पण ही खूण उशिरा बोलते. त्याआधीचं वाचायला आज दुर्बीण बेंबीजवळूनच आत जाते. सेंटिमीटरभर छेद, पोटात कार्बन डायऑक्साइड, आणि पडद्यावर यकृताचा पृष्ठभाग, श्वासपटलाची खालची बाजू, आतड्यांच्या घड्या, ओटीपोटाचा तळ. सीटी स्कॅनमधून निसटलेले राजगिऱ्याएवढे पांढरे दाणे इथे दिसतात. दाणे नसले, तरी पोटात सलाइन सोडून परत ओढून घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. त्यात कर्करोगाच्या पेशी सापडल्या, तर आजार चौथ्या टप्प्यातला धरतात. मग जठर काढायची घाई न करता आधी औषधोपचार सुरू होतात.

'पोट उघडलं आणि तसंच शिवलं' हे वाक्य आपल्याकडे कितीतरी घरांनी ऐकलं आहे. हा मोठा छेद आणि त्यानंतरचे वाया गेलेले आठवडे टाळणं, हेच या वाचनाचं मोल. सिस्टरांच्या बोटांत आणि आजच्या दुर्बिणीत मला एकच गुण दिसतो: कापण्याआधी नीट पाहणं.

म्हणून घरात कुणाचं जठराच्या कर्करोगाचं ऑपरेशन ठरत असेल, तर डॉक्टरांना एवढं जरूर विचारा: आधी दुर्बिणीतून पोट पाहायची गरज आहे का?