एका वजा चिन्हाचं परीक्षण

मी बी.कॉम. झालेला, बँकेत काउंटरवर बसणारा माणूस. वजा चिन्हाशी माझा संबंध फक्त ओव्हरड्राफ्टपुरता. चुंबकी क्षेत्र आणि विद्युतप्रवर्तन या विषयावरच्या ग्रंथाचं परीक्षण लिहिण्याची पाळी माझ्यावर आली, याला जबाबदार धुळ्याची आमची बहीण.

"दादा, याला जरा समजाव," ती फोनवर म्हणाली. भाचा इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. या एकाच पेपरात दोनदा गडगडलेला. तिसऱ्यांदा राहिला तर पुढच्या वर्षात प्रवेश नाही. त्याने तर जाहीरच केलं होतं, "मी पांझरेकाठचं शेत बघतो." ज्या मामाला घरचा फ्यूज बदलता येत नाही, त्याने याला काय समजवायचं? तरी भाचा एस.टी.ने जळगावला आला, आणि पिशवीतून ते पुस्तकही आलं.

पुस्तकाचं नाव सांगत नाही. ते वाचून पास झालेले पुष्कळ लोक वीज मंडळात आहेत आणि माझं घर त्यांच्याच विजेवर चालतं. वजन जुन्या जनरल लेजरइतकं. प्रवर्तनाचं प्रकरण उघडलं. पहिल्या ओळीत फॅरडे, दुसऱ्या ओळीत समीकरण: वजा एन, डी फाय बाय डी टी. तिसऱ्या ओळीपासून फॅरडे बेपत्ता! पुढे 'हे सहज दाखवता येतं की' असं म्हणून लेखक काहीच दाखवत नाही. मग उदाहरणं. दोनशे वेढ्यांचं एक वेटोळं आहे. कुणाचं? कशासाठी? कुठल्या गावात? पत्ता नाही. केवायसी नसलेलं असं खातं आम्ही उघडून दिलं असतं तर मेमो मिळाला असता.

मग मी फॅरडेचंच पुस्तक शोधलं. मोबाइलवर फुकट मिळालं, हा त्याचा पहिला गुण. 'एक्सपेरिमेंटल रिसर्चेस इन इलेक्ट्रिसिटी', तीन खंड, १८३९ ते १८५५. लोहाराचा मुलगा, बुकबाइंडरकडे उमेदवारी केलेला. गणित जवळजवळ नाहीच. परिच्छेदांना व्हाउचरसारखे क्रमांक, तीन हजारांहून जास्त! मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

आणि मंडळी, हा माणूस खोटी एंट्री करत नाही. २४ नोव्हेंबर १८३१ रोजी रॉयल सोसायटीत वाचलेला पहिला निबंध बघा. लाकडाच्या ठोकळ्यावर २०३ फूट तांब्याची तार, तिच्या वेढ्यांच्या मधून तेवढीच दुसरी. पहिलीला बॅटरी, दुसरीला सुई. त्याआधी छोट्या बॅटरीने करून पाहिलं तेव्हा सुई ढिम्म हलली नव्हती, तेही लिहिलंय. मग शंभर जोड्यांची बॅटरी. जोडताना सुई किंचित हलली. प्रवाह चालू असताना स्वस्थ. तोडताना पुन्हा हलली, पण उलटीकडे.

"आमच्या शाखेत रिजनल मॅनेजर येतात ना," मी म्हटलं, "तेव्हा हेच होतं. साहेब शिरले की शाखा दचकते. केबिनमध्ये बसून राहिले की सगळं पूर्ववत. निघाले की पुन्हा हालचाल, उलट दिशेने, म्हणजे चहाकडे."

भाचा गप्प झाला. मग म्हणाला, "मामा, म्हणजे फ्लक्स किती आहे याला अर्थ नाही? किती भराभर बदलतो त्याला?"

"तुझ्या पुस्तकात नाही का हे?"

"आहे. चौकटीत आहे."

माझा आक्षेप या चौकटीवर आहे. ज्या गोष्टीसाठी फॅरडे कित्येक वर्षं अधूनमधून हात पोळून घेत होता, ती पोरांना टाळं लावून मिळते. वजा चिन्हाचंही तेच. ते लेन्झचं, १८३४ सालचं. होणाऱ्या बदलाला विरोध, एवढंच ते सांगतं. आमच्याकडे कोअर बँकिंग आलं तेव्हा आम्ही बोंब मारली. आज लिंक अर्धा तास गेली की त्याहून मोठी बोंब मारतो. विरोध कॉम्प्युटरला नव्हताच, येण्याला होता, आणि आता जाण्याला आहे.

फॅरडे काही निर्दोष नाही. तो एकेका तारेचा पंचनामा करतो. मी दोनदा पेंगलो. नुसत्या त्याच्या भरवशावर दीपनगरच्या जनित्रात किती वेढे घालायचे ते कुणालाच सांगता येणार नाही. त्यासाठी मॅक्सवेलचं गणित हवंच. पण त्या मॅक्सवेलनेच १८७३ च्या आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत कबूल केलंय की, फॅरडे पूर्ण वाचून होईपर्यंत या विषयावरचं गणित वाचायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. आमच्या पोरांना आपण नेमकं उलट्या टोकाने चढवतो, आणि घसरली की म्हणतो, शेती करा!

रविवारी भाचा परत गेला. जाताना पुस्तक माझ्या टेबलावर विसरला. चुकून की काय, कोण जाणे. प्रश्न त्यातूनच येतात, म्हणून मी ते दुसऱ्या दिवशी धुळ्याच्या गाडीने पाठवलं.

चार दिवसांनी फोन. "मामा, शेतातली पंपाची मोटर उघडली! आतल्या फिरत्या भागाला बाहेरून वायरच नाही. बाहेरच्या वेढ्यांचं क्षेत्र फिरतं आणि यात आपोआप करंट येतो. प्रवर्तन!"

"अरे वा! पुस्तकात आहे?"

"आहे. पुढच्या वर्षाला."

तेवढ्यात फोन बहिणीने घेतला. "दादा, मी त्याला अभ्यासाला पाठवलं होतं. पेपर अकरा दिवसांवर आलाय, गहू पाण्यावाचून उभा आहे, आणि हा मोटर खोलून बसलाय. ती आता जोडणार कोण?"